वनसेवेचे स्वप्न आणि पदवीची निवड

प्रश्न : मी पाटण तालुक्यातील एका गावात राहते. नुकतीच बारावी विज्ञान शाखेची परीक्षा दिली असून गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेतले होते. आमचे गाव सह्याद्री व्याघ्र प्रकल्पापासून जवळ असल्याने लहानपणापासून जंगल पाहत आले आहे, आणि मला भारतीय वनसेवेत अधिकारी व्हायचे आहे. वडील अभियांत्रिकीला जा म्हणतात. पुण्यातील मावशी पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. करण्याचा आग्रह धरते. आमचे एक सर म्हणतात की, केंद्रीय लोकसेवा आयोगाला कोणतीही पदवी चालते, तेव्हा भूगोल घेऊन बी.ए. करावे आणि उरलेला वेळ स्पर्धा परीक्षेला द्यावा. यांपैकी कोणाचे ऐकावे?
— एक विद्यार्थिनी, जिल्हा सातारा

उत्तर : तुम्हाला कदाचित नवल वाटेल, परंतु तिघांच्या सल्ल्यांपैकी जंगलाशी सर्वांत कमी संबंध दिसणारा वडिलांचा सल्ला पात्रतेच्या कसोटीवर निर्विवाद टिकतो, आणि भूगोलाचा सल्ला मुळीच टिकत नाही. ‘कोणतीही पदवी चालते’ हे सरांचे म्हणणे नागरी सेवा परीक्षेपुरते खरे आहे. वनसेवेची पूर्वपरीक्षा नागरी सेवेबरोबर एकत्रच होत असल्याने हा गैरसमज पसरला असावा. वनसेवेसाठी मात्र पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय पदवीला असावा लागतो, अथवा पदवी कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकी यांतील असावी लागते. या यादीत भूगोल नाही आणि पर्यावरणशास्त्रही नाही. मावशींनी सुचवलेल्या अभ्यासक्रमात यादीतील एखादा विषय पदवीचा विषय म्हणून नोंदला जात असेल तर गोष्ट वेगळी. पण केवळ नाव जंगलाच्या जवळचे वाटते म्हणून तेथे प्रवेश घेतला आणि तीन वर्षांनी अर्ज भरताना अडचण आली, तर तो दोष निस्तरणे फार अवघड जाते.

पात्रतेनंतरचा प्रश्न गुणांचा आहे, आणि माझ्या मते खरी निवड येथेच ठरते. वनसेवेच्या मुख्य लेखी परीक्षेत एकूण १४०० गुण असतात. त्यांपैकी ३०० इंग्रजीला, ३०० सामान्य ज्ञानाला आणि उरलेले ८०० दोन वैकल्पिक विषयांच्या चार प्रश्नपत्रिकांना असतात. म्हणजे निम्म्याहून अधिक गुण तुम्ही पदवीला जे शिकाल त्यातूनच मिळवता येण्यासारखे आहेत. वैकल्पिक विषयांच्या यादीत अभियांत्रिकीच्या स्थापत्य, यांत्रिकी, रासायनिक आणि कृषी एवढ्याच शाखा आहेत. त्यामुळे संगणक अभियांत्रिकी केलेला उमेदवार पात्र ठरतो खरा, पण दोन्ही विषयांचा अभ्यास त्याला बहुधा नव्याने करावा लागतो. वडिलांशी बोलताना एवढा एकच मुद्दा शांतपणे मांडावा.

मी तुमच्या जागी असते, तर दोनच पर्यायांचा विचार केला असता. पहिला, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील वनशास्त्राची चार वर्षांची पदवी. पाटणहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे दापोलीला जाता येते. प्रवेशाआधी एकदा जाऊन तेथील विद्यार्थ्यांशी बोलून यावे. दुसरा, साताऱ्यात किंवा कराडला वनस्पतिशास्त्र मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. करावे आणि महाविद्यालयात सोय असल्यास प्राणिशास्त्र हा दुय्यम विषय घ्यावा. हे दोन्ही वैकल्पिक विषय म्हणून एकत्र घेता येतात. वनशास्त्र आणि कृषी ही जोडी मात्र आयोगाला मान्य नाही.

या दोहोंत मी दुसऱ्या पर्यायाकडे किंचित झुकते. घराजवळ राहून खर्च आटोक्यात राहतो हे एक कारण; पण त्याहून मोठे कारण असे की, या सेवेत दरवर्षी निवडल्या जाणाऱ्यांची संख्या फार थोडी असते, आणि यश लांबले तर वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला एम.एस्सी., बी.एड. किंवा संशोधन यांच्या वाटा मोकळ्या असतात. राज्याच्या वनसेवेतील सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल या पदांच्या परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो. त्यांनाही पदवीच्या विषयांची अट असते, म्हणून त्या जाहिरातीतील पात्रतेचा परिच्छेद आजच वाचून ठेवावा.

जाता जाता आणखी एक. वनसेवेच्या शारीरिक चाचणीत महिला उमेदवारांना चार तासांत १४ किलोमीटर चालावे लागते. पाटणच्या डोंगरात वाढलेल्या मुलीला त्याची धास्ती वाटू नये. मात्र वसतिगृहात राहून चालण्याची सवय मोडू देऊ नका.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात आहे. मला भारतीय आर्थिक सेवेत जायचे आहे. बी.कॉम. सोडून अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नव्याने प्रवेश घ्यावा का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तशी गरज नाही. या सेवेची अट पदव्युत्तर पदवीची असून ती अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यवसाय अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यांतील असावी लागते. वयाची कमाल मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३० वर्षे असल्याने दोन वर्षे वाया घालवणे परवडणारे नाही. बी.कॉम. पूर्ण करावे, मात्र वाणिज्य पदवीधरांना प्रत्येक विद्यापीठ अर्थशास्त्राच्या एम.ए.ला घेतेच असे नाही, आणि चांगल्या संस्थांच्या प्रवेश परीक्षांत गणित व संख्याशास्त्र यांवर भर असतो. तुमची खरी उणीव तेथे असण्याचा संभव आहे. ती भरून काढण्यासाठी हातात अजून दीड वर्ष आहे, तेव्हा अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकांतील कलनापासून आरंभ करावा.