मागच्या चाकाची किरकिर

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. माझी १९९४ची माझ्दा एमएक्स-५ आहे. मागच्या डाव्या चाकातून चालताना किरकिर येते, ब्रेकवर हलका पाय ठेवला की थांबते. ब्रेकचे पॅड नवे टाकले, तरी तेच. गॅरेजवाला म्हणतो, आता डिस्क बदला. काय करू?
— एक वाचक

उत्तर : डिस्कचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. ब्रेक दाबल्यावर आवाज थांबतो, म्हणजे पॅड डिस्कला (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला) नुसता चाटतोय. फेरफटका मारून आलात की दोन्ही मागच्या चाकांजवळ तळहात न्या (टेकवू नका, चटका बसेल!). डावं जास्त तापलं असेल तर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, अडकतोय, हे जवळजवळ नक्की. पॅड काढून पाहा. आतला झिजलाय आणि बाहेरचा जाड आहे, असं दिसलं तर स्लायडर पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) गंजल्या आहेत. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते त्यांना खातं. पिना घासून ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

आणि एक, जे बरेच मेकॅनिक विसरतात. या गाडीच्या मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची जुळणी असते. मागचा १४ मिमीचा बोल्ट काढा, आत ४ मिमीची अ‍ॅलन की (षटकोनी चावी) जाते. हँडब्रेक सोडून, चाक अडेपर्यंत आवळा, मग साधारण एक तृतीयांश फेरा मागे घ्या. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. पुढच्या चाकांना अडण लावायला विसरू नका, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका.