बोटीची बॅटरी दोन दिवसांत उतरते, कारण कसं शोधू?

नागपूरजवळच्या खिंडसी तलावावर बांधलेली बोट, मेन स्विच बंद, तरी शनिवारी चार्ज केलेली बॅटरी सोमवारी बसलेली. लगेच नवी घ्यायला धावू नका.

आधी बॅटरीतलं पाणी बघा. नागपूरच्या मे महिन्यात ते भराभर उडतं. प्लेटा उघड्या दिसल्या तर डिस्टिल्ड वॉटर घाला. मग फुल चार्ज करून निगेटिव्ह वायर काढा न् रात्रभर सोडा. सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी ठणठणीत, करंट बाहेर कुठंतरी गळतोय.

आता मल्टिमीटर १० अँपिअरवर, टर्मिनल आणि काढलेल्या वायरच्या मधे. (तेव्हा स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो. माझा उडालाय.) एकेक फ्यूज काढत जा; जो काढल्यावर मीटरचा आकडा खाली येईल, त्याच्याच लाईनवर चोर.

माझा संशय तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपावर. त्याची वायर बहुतेकदा मेन स्विच टाळून थेट बॅटरीला असते. फ्लोटखाली (पाणी चढलं की वर येऊन पंप चालू करणारा तरंगता स्विच) शेवाळ किंवा खर्र्याची पन्नी अडकली, की तो वरच राहतो आणि पंप कोरडाच फिरतो. दोन अँपिअर धरले तरी दिवसाला ४८ अँपिअर-तास, ६० ची बॅटरी सव्वा दिवसात साफ. फ्लोट बोटानं दाबून बघा.