क्राफ्टचं नाव वेगळं, उड्डाणाचं नाव वेगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे: केर्बल स्पेस प्रोग्रॅम या रॉकेट बांधून उडवायच्या गेममध्ये दोनशेच्या वर क्राफ्ट (यानांचे आराखडे) साठले आहेत, त्यांतले निम्मे 'अनटायटल्ड स्पेस क्राफ्ट' किंवा 'मुन लँडर फायनल २' असे. ट्रॅकिंग स्टेशनमध्ये (उडणाऱ्या यानांच्या यादीत) एकाच नावाची पाच यानं दिसतात आणि डॉकिंग केलं, म्हणजे दोन यानं अवकाशात जोडली, की स्टेशनचं नावच बदलतं. नावं ठेवण्याची नीट पद्धत कोणती?

पद्धत सांगतो, पण त्याआधी गोंधळाचं मूळ. तुम्ही एकाच नावावर दोन कामं टाकली आहेत. व्हीएबीमध्ये (गेममधल्या रॉकेट बांधायच्या इमारतीत) सेव्ह होतो तो आराखडा. लाँचपॅडवरून उडतं ते त्या आराखड्यावरून बनलेलं एक यान. आराखडा एकच राहतो, यानं कितीही होतात, आणि गेम प्रत्येक यानाला आराखड्याचंच नाव जसंच्या तसं देतो, पुढे क्रमांक लावत नाही. म्हणून 'काजवा' नावाच्या आराखड्यावरून पाच यानं उडवली की यादीत पाच 'काजवा' दिसणारच.

खऱ्या अवकाश मोहिमांत ही विभागणी फार काटेकोर असते. अमेरिकेच्या गोज हवामान उपग्रहांना जमिनीवर असताना अक्षर असतं आणि भूस्थिर कक्षेत पोचल्यावर क्रमांक मिळतो. २०१६ साली उडालेला गोज-आर वर पोचून गोज-१६ झाला. १९८६ मध्ये गोज-जी उड्डाणातच गेला, त्याला क्रमांक मिळालाच नाही, आणि पुढचा गोज-एच हा गोज-७ ठरला. इस्रोचंही तेच: पीएसएलव्ही हे रॉकेट, सी११ हे त्याचं उड्डाण आणि चांद्रयान-१ हे त्यावरचं यान. तीन गोष्टी, तीन नावं. गेममध्येही हेच करा.

आता लिफ्टर, म्हणजे यानाला कक्षेपर्यंत नेणारं रॉकेट. इथे सगळ्यात जास्त फायदा आहे, कारण लिफ्टर पुन्हा पुन्हा वापरला जातो. नावात काय हवं? निवडताना ज्या प्रश्नाचं उत्तर लागतं ते. अमेरिकेच्या अॅटलस-५ रॉकेटच्या क्रमांकाकडे बघा: ५४१ म्हणजे ५ मीटर वर्गाचं फेअरिंग (ओझ्यावरचं टोपण), ४ सॉलिड बूस्टर आणि वरच्या स्टेजला १ इंजिन. क्युरिऑसिटी रोव्हर २०११ मध्ये याच ५४१ वरून गेला. पीएसएलव्हीमध्ये सीए म्हणजे एकही स्ट्रॅप-ऑन (बाजूला बांधलेला बूस्टर) नाही, डीएल म्हणजे २, क्यूएल म्हणजे ४, एक्सएल म्हणजे ६. नाव वाचलं की रॉकेट डोळ्यांसमोर उभं राहतं.

गेममध्ये मी सुचवेन तो साचा असा: गरुड २४-१८. 'गरुड' हे घराण्याचं नाव. पहिला २ म्हणजे मधल्या खांबाचा आकार, २.५ मीटर (१.२५ मीटरला १, ३.७५ मीटरला ३). ४ म्हणजे बूस्टर चार. १८ म्हणजे ८० किमीच्या कक्षेत किती टन नेतो. किंमत, वजन, भागांची संख्या, स्टेजेस यांतलं काहीही नावात घालू नका, ते क्राफ्टच्या यादीत गेम स्वतःच दाखवतो.

टनांचा आकडा अंदाजाने लिहू नका, मोजा. भरलेली एक्स२००-३२ टाकी बरोबर १८ टनांची असते, एक्स२००-१६ ही ९ टनांची, एक्स२००-८ ही ४.५ टनांची आणि जंबो-६४ ही ३६ टनांची. लिफ्टरच्या डोक्यावर एवढंच ओझं, वर नोज कोन (टोकदार टोपी) आणि एक प्रोब कोर (माणसाशिवाय यान चालवणारा भाग). टाकीवर राइट क्लिक करून लिक्विड फ्युएल आणि ऑक्सिडायझर दोन्हींसमोरचा बाण बंद करा. हे विसरलात तर इंजिन ओझ्यातलंच इंधन पिईल आणि लिफ्टर आहे त्यापेक्षा ताकदवान वाटेल. ८० किमीच्या गोल कक्षेत पोचून निदान १०० मी/से डेल्टा-व्ही (उरलेल्या इंधनातून वेग बदलायची क्षमता) उरला, तर तो आकडा नावात लिहायला हरकत नाही. न उरल्यास ओझं कमी करून पुन्हा.

लिफ्टर सबअसेंब्ली (कुठल्याही यानाला जोडता येणारा सेव्ह केलेला संच) म्हणून ठेवा आणि यान वेगळं सेव्ह करा. 'मुन लँडर मोठ्या रॉकेटसकट' अशी नावं याच एका गोष्टीने संपतात.

यानाच्या आराखड्याला एक साधं, तोंडात बसणारं नाव आणि दोन अंकी आवृत्ती: काजवा ०१, काजवा ०२. दोन अंक आधीपासूनच लिहा, म्हणजे १० वी आवृत्ती कुठेही २ च्या आधी लागणार नाही. 'फायनल', 'नवीन', 'चांगला' हे शब्द अजिबात नकोत, त्यांना क्रम नसतो. आवृत्ती कधी वाढवायची? जुनी आवृत्ती एकदा जरी उडाली असेल आणि आता एखादा भाग बदलत असाल तर. कारण आराखडा बदलला तरी वर असलेलं यान बदलत नाही. काजवा ०२ ला शिडी नव्हती, ०३ ला आहे. हे नावातून कळलं नाही तर केर्बल (गेममधला अंतराळवीर) मुनवर, म्हणजे गेममधल्या चंद्रावर, उतरल्यावर कळेल. काय बदललं ते वर्णनाच्या चौकटीत एका ओळीत लिहा, नावात नको.

उडालेल्या यानाला आवृत्तीच्या पुढे ठिकाण आणि क्रमांक: 'काजवा ०३ मुन-२'. ठिकाणासाठी एकच अक्षर वापरायचा मोह होतो. तो टाळा. गेममध्ये नावं रोमन लिपीत टाइप करायची असतात (इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय), आणि तिथे मुन, मिनमस, मोहो तिघेही एम, डुना-ड्रेस डी, ईव्ह-ईलू ई. पहिली तीन अक्षरं घेतली की सगळी वेगळी होतात. फक्त मुन आणि डुन घाईत सारखे दिसतात, म्हणून डुना पूर्ण लिहा. ग्रहांतर मोहिमांना गेममधलं उड्डाणाचं वर्षही जोडा. डुना या ग्रहाकडे निघायची खिडकी (योग्य वेळ) साधारण दोन केर्बिन वर्षांनी (केर्बिन म्हणजे गेममधली पृथ्वी) उघडते, त्यामुळे 'व३' आणि 'व५' हे दोन ताफे लगेच वेगळे कळतात. खऱ्या उपग्रहांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असाच असतो: अवकाश स्थानकाचा १९९८-०६७ए, म्हणजे १९९८ सालचं ६७ वं प्रक्षेपण, त्यातला पहिला तुकडा.

आता डॉकिंग, जिथे तुमचं स्टेशन नाव हरवतं. दोन यानं जोडली की एकत्र यानाला कोणतं नाव राहील हे आधी यानाच्या प्रकारावरून ठरतं. स्टेशनचा दर्जा शिपच्या वर, शिपचा लँडर आणि प्रोबच्या वर. तुमचं स्टेशन प्रोब कोरवर बांधलेलं असेल आणि प्रकार 'प्रोब' असाच राहिला असेल, तर भेटीला आलेलं शिप त्याचं नाव पुसून टाकतं. रीनेममध्ये जाऊन प्रकार 'स्टेशन' करा, अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

उरलेला अर्धा सुटं होताना येतो. वेगळ्या झालेल्या तुकड्याला गेम मूळ नावामागे 'लँडर', 'प्रोब', 'डेब्री' असं शेपूट लावून मोकळा होतो. याला उपाय म्हणजे कमांड भागावर राइट क्लिक करून मिळणारं 'कॉन्फिगर व्हेसल नेमिंग'. तिथे त्या भागापुरतं नाव, प्रकार आणि प्राधान्य देता येतं. जोडलेल्या यानात सर्वांत जास्त प्राधान्याच्या भागाचं नाव चालतं आणि सुटं झाल्यावर प्रत्येकाला आपापलं नाव परत मिळतं. स्टेशनच्या गाभ्याला सर्वांत जास्त, मुख्य यानाला मधलं, लँडर आणि टगला (इतर यानं ढकलणाऱ्या छोट्या यानाला) कमी. हे व्हीएबीतच करून ठेवा. अपोलो-९ मध्ये, मार्च १९६९ ला, हीच गरज पडली होती: दोन यानं वेगळी उडणार, रेडिओवर दोघांना 'अपोलो-९' म्हणून कसं चालेल? म्हणून एक 'गमड्रॉप' झालं आणि दुसरं 'स्पायडर'.

एकाच वाहकातून तीन रिले (सिग्नल पुढे पोचवणारे उपग्रह) सोडत असाल तर तिन्ही एकाच साच्यातून कॉपी केलेले असतात, त्यामुळे त्यांचं नावही एकच येतं. सोडल्यासोडल्या, पुढच्या उपग्रहाकडे वळायच्या आधी, नाव बदला: 'टिटवी१५ केर-ए', 'बी', 'सी'. इथला १५ म्हणजे आरए-१५ अँटेना. आरए-२, आरए-१५ आणि आरए-१०० यांची ताकद अनुक्रमे २, १५ आणि १०० गिगामीटर आहे, आणि सिग्नल का तुटतोय हे शोधताना सगळ्यात आधी तेच बघावं लागतं. प्रकार 'रिले' ठेवा, म्हणजे ट्रॅकिंग स्टेशनच्या गाळणीत ते वेगळे काढता येतात. केओएस (स्क्रिप्टने यान चालवणारा मॉड) वापरत असाल तर नावं वेगळी असणं सक्तीचंच समजा, स्क्रिप्ट दुसरं यान नावानेच शोधते.

शेवटी जुना ढीग. आराखडे सेव्हच्या फोल्डरमध्ये शिप्स, आणि त्यात व्हीएबी व एसपीएच (विमानांसाठीची बांधणीची जागा) असे असतात. प्रत्येक क्राफ्ट ही साधी टेक्स्ट फाइल आहे. नुसतं बाहेरून फाइलचं नाव बदलू नका. आत पहिल्याच ओळीत 'शिप =' पुढे जुनं नाव तसंच राहतं, गेमच्या यादीत तेच दिसतं, आणि पुन्हा सेव्ह केलं की जुन्या नावाची आणखी एक फाइल तयार होते. दोन्ही जागी बदला, नाहीतर गेममध्ये उघडून नव्या नावाने सेव्ह करा आणि जुनी काढा. फोल्डरची प्रत आधी घ्या. नावात तिरपी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा ही चिन्हं नकोत, विंडोजच्या फाइलनावात ती चालत नाहीत. आणि फक्त लहान-मोठ्या लिपीचा फरक असलेली दोन नावं विंडोजवर एकाच फाइलवर जातात, म्हणजे एक आराखडा गेलाच.

सगळे दोनशे एका बैठकीत बदलायची गरज नाही. आधी लिफ्टर, मग जी यानं अजून उडत आहेत त्यांचे आराखडे. बाकीचे 'जुने' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, शिप्सच्या बाहेर हलवा. लागलं तर परत आणता येतात.