वाचक विचारतात: रोबोट जिंकला की भीती का संपते?

प्रश्न (पाटण, जि. सातारा): नमस्कार दादा, मी इव्हँजेलियन या जपानी अॅनिमे मालिकेचा लय मोठा फॅन आहे आणि त्याच्यावर मराठीत फॅन फिक्शन, म्हणजे तिच्या दुनियेवर बेतलेली स्वतःची गोष्ट, लिहितोय. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथा लेखकाच्या कथुलू नावाच्या अवाढव्य राक्षसासारखं काहीतरी प्राचीन कोयना धरणाखाली झोपलंय आणि कराडची एक पोरगी 40 मीटरच्या रोबोटमध्ये बसून त्याच्याशी लढते. मित्रांना फाइट आवडली पण सगळे म्हणतात भीती काय वाटत नाही, शेवटी रोबोट एक बुक्की घालतो आणि विषय संपतो. मग रोबोटच काढून टाकू का?

उत्तर: अरे रोबोट बिलकुल काढू नकोस, तोच तर तुझ्या गोष्टीचा जीव आहे. कथुलूची मूळ कथा 1928 मध्ये छापून आली, तिच्या शेवटी जोहानसन नावाचा खलाशी वाफेवरची बोट सरळ त्या कथुलूच्या डोक्यात घालतो, डोकं फुटतं, आणि बोट लांब जाईपर्यंत मागं ते फुटलेलं सगळं परत जुळायला लागलेलं असतं. म्हणजे यंत्राचा दणका त्या गोष्टीत पहिल्यापासून आहे आणि तो नीट बसतो पण, फक्त त्यानं काही फरक पडत नाही. तुझी बुक्की ठेव, तिचा उपयोग काढून घे.

आपल्याकडची भुतं बघ, मुंज्या असो नाहीतर जखीण, त्यांना काहीतरी पाहिजे असतं, उतारा टाकला, नवस फेडला, राहिलेली इच्छा पुरी केली की सुटका होते. कॉस्मिक हॉररमध्ये, म्हणजे लव्हक्राफ्ट लिहायचा तसल्या भयकथेत, समोरच्याला तुझ्याकडून काहीच नको असतं, त्याला तू आहेस हे माहीतसुद्धा नसतं. तुझ्या ड्राफ्टमध्ये तो राक्षस पोरीचं नाव घेऊन डरकाळ्या फोडत असेल तर ते आधी काढ, कारण नाव घेतलं की तो गावातला शत्रू झाला.

आता इव्हँजेलियनमधलंच घे, 1995 ची 26 भागांची मालिका, त्यात रोबोट मुळात रोबोट नाहीच, आत जिवंत मांस आहे आणि वरचं चिलखत त्याला आवरून धरायला आहे. वीज केबलनं येते, केबल तुटली की आतली बॅटरी जेमतेम 5 मिनिटं. चौदा वर्षांची पोरं आत बसतात. म्हणजे भीती समोर नाही, बसायच्या जागेतच आहे, आणि माझ्या मते तुझं सगळं लिखाण त्या कॉकपिटमध्ये हलायला पाहिजे. बाहेरची फाइट चार ओळीत उरक.

आणि तुझ्याकडं कोयना आहे यार! धरणाची भिंत 103 मीटर, तुझा रोबोट तिच्या निम्म्यालाही येत नाही, हे एकदा पोरीच्या डोळ्यांनी दाखव. केबल पोफळीच्या पॉवर हाऊसवरून आण. तिथली वीज याच जलाशयाच्या पाण्यावर होते आणि वापरलेलं पाणी घाटाखाली वाशिष्ठी नदीत जातं, परत येत नाही. म्हणजे जितका वेळ लढायचं तितका वेळ टर्बाइन चालू ठेवायची, तितकी पाण्याची पातळी उतरणार आणि तितकं ते खालचं जास्त उघडं पडणार. कंट्रोल रूममधला माणूस दर थोड्या वेळानं फक्त पातळीचा आकडा सांगतोय, पोरगी म्हणते "काका, वीज बंद करा," आणि काका म्हणतात "बाळा, बंद केली तर तू आत अडकशील." एवढ्यावर एक अख्खा भाग निघतो, बुक्की न मारता.

खालच्या जमिनीचा पण वापर कर. कोयना भागात शास्त्रज्ञांनी भूकंप समजून घ्यायला 3 किलोमीटर खोल बोअर घेतलंय, वर सुमारे 1.2 किलोमीटर बेसाल्ट आणि खाली अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइट. बेसाल्टचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तुझं ते जे काय आहे ते ग्रॅनाइटमध्ये ठेव, म्हणजे अख्खा सह्याद्री त्याच्यावर नंतर आला, त्याला कळलं पण नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो, 11 डिसेंबर 1967 चा भूकंप राक्षसानं केला असं लिहू नकोस. पहाटे झोपेत माणसं गेलीत, तुझ्याच तालुक्यात त्यांची घरं आहेत. शिवाय धरणात पाणी साठवल्यानं तिथं भूकंप होतात असं शास्त्रज्ञ मानतात, आणि तुझ्या गोष्टीला हे कारण जास्त जड आहे, की आपण उजेडासाठी पाणी अडवलं आणि खाली जमीन हलली. आजही होणारे बारीक धक्के घे, ते पुरतात.

प्रश्न (सांगली): अशी फॅन फिक्शन पुस्तक काढून विकली तर चालते का?

उत्तर: लव्हक्राफ्टचं चालतं. तो 1937 मध्ये गेला, आपल्याकडं कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 1997 अखेर संपला. इव्हँजेलियनचं तसं नाही, त्यातली पात्रं आणि नावं घेऊन परवानगीशिवाय विकू नका. पण माणूस बसलेला अवाढव्य रोबोट ही कल्पना कुणा एकाची नाही, त्यामुळं नाव, चिलखत, पायलट, संस्था सगळं स्वतःचं उभं करा आणि खुशाल छापा. पाटणच्या मित्रा, तुझी कराडची पोरगी आणि पोफळीची केबल तर आधीच तुझी आहे, नुसती उसनी नावं बदलायची राहिलीत.