तुमचे प्रश्न: गोव्याचा नकाशा आपल्याच सर्व्हरवर

प्रश्न: आमच्या गावच्या वाचनालयासाठी देवळं, तळी, जुन्या वाटा दाखवणारा नकाशा आमच्याच कॉम्प्युटरवर चालवायचाय. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा भारताचा पूर्ण डेटा डाउनलोड केला, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरायला लावला, रात्रभर चालला आणि सकाळी स्क्रीनवर नुसतं 'किल्ड'. रॅम ८ जीबी आहे. नवीन मशीन घ्यावं लागेल का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: नाही, मशीन अजिबात घेऊ नका, वाचनालयाचे पैसे पुस्तकांना राहूदेत. 'किल्ड' म्हणजे मेमरी संपली आणि लिनक्सने स्वतःच तो प्रोग्राम बंद केला, सिस्टीमच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' असं लिहिलेलं सापडेल. तुम्हाला हवाय गोवा, जेमतेम ३,७०२ चौरस किलोमीटर, आणि तुम्ही भरताय काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचे सगळे रस्ते न् घरं!

जिओफॅब्रिक या ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा भागाभागांत देणाऱ्या साइटवर भारताचे झोनप्रमाणे तुकडे मिळतात, त्यातला वेस्टर्न झोन घ्या, गोवा त्यात येतो. मग ऑस्मियम नावाचं टूल आहे त्याने त्यातून गोवा कापून घ्यायचा, चौकट द्यायची पश्चिम ७३.६, दक्षिण १४.८, पूर्व ७४.४, उत्तर १५.९, याच क्रमाने. कापताना स्ट्रॅटेजी 'स्मार्ट' ठेवा, हे महत्त्वाचं आहे, कारण मांडवी-जुवारीसारख्या मोठ्या नद्यांचं पाणी नकाशात बऱ्याच तुकड्यांच्या काठांनी मिळून बनलेलं असतं, एखादा तुकडा चौकटीबाहेर राहिला की तो आकार बंदच होत नाही आणि तेवढं पाणी गायब होतं. 'स्मार्ट' ठेवलं की चौकटीबाहेरचे ते तुकडेही सोबत येतात.

आता भरणं. डेटाबेस नवा करा, त्यात पोस्टजीआयएस (नकाशाचे आकार साठवायला) आणि एचस्टोर (जास्तीची माहिती साठवायला) ही दोन एक्स्टेंशन चालू करा, मग नकाशाचा डेटा पोस्टग्रेसमध्ये भरणारा ओएसएमटूपीजीएसक्यूएल हा प्रोग्राम 'क्रिएट' (नव्याने भरणं) आणि 'स्लिम' हे पर्याय लावून चालवा. स्लिममध्ये मधला हिशेब रॅमऐवजी डेटाबेसमध्ये राहतो, म्हणून ८ जीबीत आरामात बसतं, आणि पुढे अपडेट करायचं असेल तर स्लिम लागतंच. 'ड्रॉप' मात्र लावू नका, त्याने ती मधली टेबलं पुसली जातात आणि मग अपडेटचा रस्ता बंद. आणखी एक, अख्ख्या जगाचा डेटा भरणाऱ्यांच्या सूचनांमध्ये 'फ्लॅट नोड्स' (सगळ्या बिंदूंच्या जागा एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवणं) असतं, ते बघून तुम्ही पण लावाल तर गोव्याएवढ्याशा डेटासाठी सुद्धा शंभर जीबीच्या आसपास फाइल तयार होईल, डिस्कच भरेल.

हे सगळं काही मिनिटांत होतं. लहान तुकडा घ्यायचं माझं दुसरं कारण तेच आहे, इंपोर्ट मध्येच तुटला तर जिथे थांबला तिथून पुढे चालू करता येत नाही, परत पहिल्यापासून भरावं लागतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे रात्रभर वीज टिकेल याचा भरवसा कोण देणार.

भरून झाल्यावर समुद्र दिसणार नाही, घाबरू नका. किनाऱ्याच्या रेषा हा प्रोग्राम मुद्दाम सोडून देतो, समुद्राचे तयार आकार वेगळ्या फाइलमध्ये मिळतात. नेहमीची ओएसएम कार्टो स्टाइल (नकाशा कसा दिसावा ते ठरवणाऱ्या नियमांचा संच) वापरत असाल तर तिच्यासोबत ते आणून भरणारी स्क्रिप्ट येतेच, ती एकदा चालवा.

आणि नावं. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त जिव्हाळा याचा आहे. गावातल्या आजोबांना नकाशावर 'डिचोली', 'केपे', 'काणकोण' देवनागरीत वाचता यायलाच हवं. मुख्य नाव बहुतेक इंग्रजीत असतं, मराठी नाव असेल तर ते 'नेम कोलन एमआर' (name:mr) या टॅगमध्ये, म्हणजे माहितीच्या लेबलात, म्हणून भरताना एचस्टोर पर्याय लावा म्हणजे तो टॅग टेबलात येईल, मग स्टाइलच्या क्वेरीत आधी मराठी नाव आणि ते नसेल तर मुख्य नाव असं सांगा. नोटो सान्स देवनागरी फॉन्ट टाका, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन येतात. म्हार्दोळ, मंगेशी, कवळे परिसरातलं एखादं लहान देऊळ, तळी राहिली असेल तर ती फक्त आपल्या डेटाबेसात लिहू नका, थेट ओपनस्ट्रीटमॅपवर घाला, स्वतः बघून किंवा गावात विचारून, गुगलच्या नकाशावरून उतरवून नाही, त्याला परवानगी नाही. पुढच्या अपडेटला ते तुमच्याकडे येईलच आणि बाकी सगळ्यांनाही मिळेल. हा नकाशा २००४ पासून असाच लोकांनी भरलाय. कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय तेवढं ठेवा, लायसन्सची ती अटच आहे.

प्रश्न: मी पण असाच गोवा कापला, पण तेरेखोल नदीपलीकडे सगळं कोरं. किल्लाच नाही! (एक वाचक, पेडणे)

उत्तर: तुम्ही नदीलाच हद्द धरून चौकट आखलेली दिसते. बाकीचा पेडणे तालुका नदीच्या अलीकडे असला तरी तेरेखोल गाव आणि किल्ला उत्तर काठावर आहे, तरी तो गोव्यातच. उत्तरेची बाजू १५.९ करून परत कापा, सिंधुदुर्गाचा थोडा भाग सोबत येईल, येऊदेत, तिकडच्या वाटा आपल्या वाटांना जोडलेल्याच आहेत. भरताना 'अपेंड' (आधीच्या डेटात भर घालणं) करू नका, 'क्रिएट'नेच नव्याने भरा, आणि जुन्या टाइल्सची (नकाशाच्या तयार चित्र-तुकड्यांची) साठवलेली कॅश पुसा नाहीतर तीच कोरी जागा दिसत राहील.