डोकं खाजतंय, पण शाम्पू व्हीगनच हवा

उन्हाचा पारा चढला की जळगाव-भुसावळकडून येणाऱ्या पत्रांत डोक्याची खाज हमखास असते. यंदा त्यात नवी अट आली आहे : शाम्पूत प्राण्यांपासून आलेलं काही नको. त्यातली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : वर्षभरापासून मी व्हीगन आहे. एप्रिलपासून डोक्याला सारखी खाज सुटते, खाजवलं की नखांत पिवळसर चिकट थर येतो. कॉलेजला स्कूटीवर जाते, त्यामुळे स्कार्फ घट्ट बांधावाच लागतो. हिरवा ठिपका बघून दोन शाम्पू आणले. एकात मिल्क प्रोटीन निघालं, दुसऱ्यात मध. खात्रीचा व्हीगन शाम्पू कोणता? – एक वाचक, जळगाव

उत्तर : हिरवा ठिपका शाकाहारी वस्तूचा, व्हीगन वस्तूचा नव्हे. दूध आणि मध दोन्ही त्याला चालतात. (मध जैन घरांतही वर्ज्य; तो ठिपका त्यांनाही सावध करत नाही.) बाटलीवरचं सशाचं चित्र वेगळीच गोष्ट सांगतं : प्राण्यांवर चाचणी केलेली नाही, एवढंच. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या अशा चाचण्यांवर २०१४ पासून बंदी आहे, म्हणजे त्या सशाने तुम्हाला नवं फारसं काही कळलं नाही. ‘व्ही’ अक्षराचं हिरवं सरकारी चिन्ह खाण्याच्या पदार्थांपुरतं आहे. ‘आयुर्वेदिक’ या शब्दावरही विसंबू नका, कारण कित्येक तेलं दुधात सिद्ध केलेली असतात.

मग उरते मागची यादी. ती इंग्रजीत असते आणि काही नावं तर लॅटिन. ‘मेल’ म्हणजे मध, ‘सेरा अल्बा’ म्हणजे मधमाशीचं मेण, ‘लॅक’ म्हणजे दूध. आपली लाख नव्हे; ती ‘शेलॅक’ म्हणून येते आणि तीही किड्याचीच. हायड्रोलाइज्ड केराटिन लोकर, पिसं किंवा खुरांचं, ‘सिल्क’ किंवा ‘सेरिसिन’ रेशीमकिड्याचं, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतलं. रंगांत सीआय ७५४७० दिसलं तर ते किड्यापासून काढलेलं कार्माइन. ‘प्लांट केराटिन’ हे बहुतेक वेळा गव्हाचं किंवा सोयाचं प्रथिन असतं, ते चालेल.

ग्लिसरीन, स्टिअरिक अॅसिड आणि ग्लायकॉल डायस्टिअरेट यांचं मात्र नुसतं नाव वाचून काही ठरत नाही. ती पाम तेलातूनही येतात, चरबीतूनही. शाम्पूला मोत्यासारखी झाक देणारा पदार्थ बहुधा यांतला शेवटचा असतो, म्हणून पारदर्शक शाम्पू घेतला तर निदान एक शंका कमी होते. बाकीच्यांसाठी बाटलीवरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर नेमकं विचारा : ‘ग्लिसरीन आणि स्टिअरेट वनस्पतिजन्य आहेत का, लेखी कळवाल का?’ ‘तुमचा शाम्पू व्हीगन आहे का?’ असं विचारलं तर समोरून ‘हो’ येणार, त्याला अर्थ नाही. आम्ही एकाही कंपनीचं नाव देत नाही ते याचसाठी. मिश्रण बदलतं, नाव तेच राहतं.

आता खाजेकडे वळू, कारण वरच्या कशाचाही तिच्याशी संबंध नाही. चिकट, पिवळसर थर म्हणजे तेलकट कोंडा. कोरड्या टाळूचा कोंडा पांढरा, सुटा, पिठासारखा झडतो. तेलकट कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते. ती जवळपास सगळ्यांच्याच डोक्यावर असते, त्वचेतल्या तेलावर जगते आणि मागे ओलिइक आम्ल टाकते. काहींची त्वचा त्याने चिडते. तुमची त्यातली दिसते. ४४ अंशांत घट्ट स्कार्फ, आत घाम, त्यात आदल्या रात्रीचं तेल : बुरशीला आणखी काय हवं?

यावर कोरफड, ओट्स, पॅन्थेनॉल यांनी त्वचेला आराम पडतो, पण बुरशी हलत नाही. यादीत पिरॉक्टोन ओलामाइन शोधा, किंवा झिंक पायरिथिऑन (साधारण १ टक्का). थर जाड असेल तर सॅलिसिलिक अॅसिड. तिन्ही कारखान्यात तयार होतात, प्राण्याचा संबंध नाही. फिनॉक्सीइथेनॉल हे शाम्पू टिकवणारं संरक्षक १ टक्क्यापेक्षा जास्त घालत नाहीत, आणि १ टक्क्यावरचे घटक यादीत आधी, उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. म्हणून त्याच्यानंतर छापलेलं सगळं १ टक्का किंवा त्याहून कमी समजा. पिरॉक्टोनला तेवढं पुरतं. कोरफड तिथे असेल तर ती बाटलीवरच्या चित्रापुरती.

वापरताना लोक घाई करतात आणि मग शाम्पूला नावं ठेवतात. केस मिनिटभर नीट भिजवा, कोमट किंवा साध्या पाण्याने. कढत पाण्याने खाज वाढते. ५ ते १० मिली शाम्पू हातावर पाण्यात फेटा आणि भांग पाडत टाळूला लावा, केसांच्या लांबीला नको. नखं न लावता बोटांच्या पेरांनी चोळा. मग घड्याळ बघून ३ ते ५ मिनिटं थांबा. औषधी घटकाला काम करायला एवढाच वेळ मिळतो. नंतर दोन मिनिटं भरपूर पाण्याने धुवा, कानामागे आणि मानेवर विशेष. कंडिशनर फक्त टोकांना. आठवड्यातून दोन-तीनदा असं चार आठवडे करा, मग आठवड्यातून एकदा चालू ठेवा. कोंडा आटोक्यात राहतो, कायमचा जात नाही. रात्रभर तेल मुरवणं सध्या बंद. स्कार्फ दोन-तीन ठेवा, रोज धुतलेलाच वापरा, ओल्या केसांवर बांधू नका.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, बादलीवर पांढरा थर बसतो. रसायनं नकोत म्हणून रिठे-शिकेकाईच्या पुडीने केस धुते. तरी दुसऱ्या दिवशी डोकं खाजतं आणि केसांत पांढुरकं काहीतरी राहतं. पुडी तर घरीच कुटलेली, भेसळ नाही. आते काय करानं? – एक वाचक, यावल तालुका

उत्तर : पुडी डोक्यावर चोळू नका, एवढं केलं तरी निम्मं काम होईल. घरी कुटलेल्या पुडीत शेंगेचे बारीक धागे आणि सालीचे कण राहतात. ते टाळूला टोचतात, केसांच्या मुळाशी अडकतात आणि वाळले की पांढुरके दिसतात. लोकांना तो कोंडा वाटतो, मग ते आणखी पुडी लावतात.

पुडीऐवजी रिठे-शिकेकाईचं पाणी करा. बी काढलेले ५-६ रिठे आणि शिकेकाईच्या ४-५ शेंगा अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी १० मिनिटं मंद आचेवर उकळा, गार झाल्यावर कुस्करा आणि दुपदरी मलमलच्या कापडातून गाळा. चहाच्या गाळणीतून कण सुटतात. डोळे मिटून वापरा, रिठ्याचं पाणी डोळ्यांत फार झोंबतं. यात संरक्षक नाही, म्हणून मे महिन्यात संध्याकाळपर्यंत ते आंबतं. फ्रिजमध्ये दोन दिवस, त्याहून जास्त नाही. कोंड्याची बुरशी मात्र याने आवरेल अशी आशा धरू नका.

पाण्याचं म्हणाल तर बादलीवरचा थर कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा. अंगाचा साबण डोक्याला लावत असाल तर तो आधी थांबवा. जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो आणि टाळूवर बसतो. शाम्पूचा असा साका होत नाही. सगळी अंघोळ गोड्या पाण्याने कुठून करणार? पण शेवटचा एक लिटर आरओचा किंवा साठवलेला पावसाचा ठेवा. तो नसेल तर अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली व्हिनेगर घालून शेवटी डोक्यावर ओता आणि मिनिटाने साध्या पाण्याने धुवा. खाजवून जखम झाली असेल तर हे करू नका, भयंकर झोंबेल. व्हिनेगरऐवजी लिंबू तर अजिबात नको. लिंबाचा रस कातडीवर राहून ऊन लागलं की काळे डाग आणि फोड येतात, आणि खान्देशात ऊन टाळणार कसं? पाणी उकळूनही सगळा जडपणा जात नाही, काही क्षार तसेच राहतात.

प्रश्न : डॉक्टरांनी दिलेल्या केटोकोनाझोल शाम्पूने फरक पडला, थांबवला की खाज परत. तो व्हीगन आहे का? – एक वाचक, धुळे

उत्तर : केटोकोनाझोल हे बुरशीनाशक कृत्रिम आहे. प्रश्न त्यासोबतच्या बाकी घटकांचा : काही केटोकोनाझोल शाम्पूंत प्राणिज कोलॅजन असतं, आणि औषधाच्या बाटलीवर सगळे घटक छापलेले असतीलच असं नाही. उत्पादकाला विचारावं लागेल. गुलाबी रंग दिसला म्हणून कार्माइन समजू नका, तो बहुधा कृत्रिम असतो. चाचण्यांवरची बंदी प्रसाधनांपुरती आहे, औषधांना ती लागू नाही, हेही लक्षात असू द्या. आमचं मत विचाराल तर गरजेचं औषध या कारणासाठी सोडू नये. डॉक्टरांना तुमची अट सांगा, सायक्लोपिरॉक्ससारखे पर्याय आहेत.

खाज परत येते ती एकदम थांबवल्यामुळे. २ टक्क्यांचा शाम्पू साधारण २ ते ४ आठवडे, आठवड्यातून दोनदा वापरतात. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन आठवड्यांतून एकदा, मधल्या धुण्यांना सौम्य शाम्पू.

प्रश्न : टी ट्री तेल वनस्पतीचंच, म्हणून थेट टाळूला लावलं. आग होते आहे. – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : धुऊन टाका आणि ती बाटली वापरू नका. २००२ च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत ५ टक्के टी ट्री तेलाच्या शाम्पूने चार आठवड्यांत कोंडा ४१ टक्क्यांनी कमी झाला, नुसत्या शाम्पूने ११ टक्क्यांनी. ५ टक्के म्हणजे १०० मिलीत ५ मिली. तुम्ही लावलं ते १०० टक्के. शिवाय उघडून बरेच महिने झालेलं तेल हवेने बिघडतं आणि त्याची अॅलर्जी लवकर येते. घरी मिसळायलाही जाऊ नका, तेल वर तरंगतं आणि एका धुण्याला सगळं एकाच ठिकाणी लागतं. तयार शाम्पू घ्या. आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी लावून ३ मिनिटांनी धुवा. दिवसातून दोनदा, सात दिवस. लाली आली नाही तरच डोक्याला. पट्टीखाली झाकून ठेवू नका, तसा कोणताही शाम्पू त्वचा जाळू शकतो. बाटली लहान मुलांपासून लांब ठेवा, पोटात गेलं तर ते विषारी आहे.

प्रश्न : लग्नसराईत केसांना काळा रंग लावला. दोन दिवसांनी कपाळ, कान आणि मानेला खाज, सूज. कोणता शाम्पू सुचवाल? – एक वाचक, नंदुरबार

उत्तर : कोणताच नाही. ही बहुधा रंगातल्या पीपीडी या रसायनाची अॅलर्जी आहे. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, चेहऱ्यावर सूज चढत असेल किंवा श्वास लागत असेल तर आजच. पीपीडी असलेला रंग पुन्हा नको. झटपट चढणाऱ्या ‘काळ्या मेंदी’तही तेच असू शकतं.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीचं डोकं खाजतं, एका जागी केस गळून चट्टा पडलाय. व्हीगन बेबी शाम्पू चालेल? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : चट्ट्यावर खवले किंवा तुटलेल्या केसांचे काळे ठिपके असतील तर तो गजकर्ण असू शकतो. त्याला पोटातून औषध लागतं, शाम्पू पुरत नाही. या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या आणि तोवर तिचा कंगवा, टॉवेल, उशी वेगळी ठेवा. कानामागे आणि मानेवर केसांना चिकटलेले, ओढून न निघणारे पांढरे दाणे दिसले तर त्या लिखा. मग बारीक दातांची फणी काढा आणि घरातल्या सगळ्यांची डोकी तपासा. उवा मारणं व्हीगन तत्त्वात बसतं का, हे मात्र तुमचं तुम्ही ठरवा.