खान्देशात बिअरसाठी हॉप्स आणि सातू लावावेत का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की चाळीसगावकडच्या काळ्या जमिनीत बिअर कारखान्यांसाठी हॉप्स आणि माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) सातू, म्हणजे बार्ली, लावला तर जमेल का, आणि कुणी हॉप्सची रोपं विकतोय ती घ्यावीत का. मी मूळचा यावल तालुक्यातला, काम माल्ट तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. आधी रोपांचं सांगतो: पैसे देऊ नका.

हॉप्सचा वेल पाच-सहा मीटर चढतो आणि मादी वेलाच्या फुलोऱ्यातल्या पिवळ्या भुकटीसाठी तो लावतात. बिअरचा कडूपणा त्यातूनच येतो. पण हा वेल दिवसाच्या लांबीवर चालतो. उन्हाळ्यातला दिवस पंधरा-सोळा तासांचा असेल तर तो आधी भरपूर वाढतो आणि दिवस लहान होऊ लागले की फुलतो. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतच. त्यामुळे वेल कमरेएवढा होतो न होतो तोच फुलायला लागतो, आणि हिवाळ्यात त्याला लागणारी कडक थंडीही इथे नाही. भारतात हॉप्स हिमाचलमधल्या थंड लाहौलमध्ये होतात ते याच कारणाने. ब्राझीलमध्ये शेतात रात्री दिवे लावून पीक काढतात, पण आपल्या विजेच्या भरवशावर तो हिशेब मांडूच नका. शिवाय शंभर लिटर बिअरला काहीशे ग्रॅम हॉप्स पुरतात, म्हणजे बाजारही लहान.

सातू उगवेल, त्यात शंका नाही. कर्नालच्या गहू व बार्ली संशोधन संस्थेने माल्टसाठी डीडब्ल्यूआरयूबी 52, डीडब्ल्यूआरबी 101 असे दुओळी (कणसात दाण्यांच्या दोन ओळी असलेले) वाण दिले आहेत. अडचण दाण्याच्या प्रतीची आहे. माल्टवाल्याला टपोरा दाणा लागतो, प्रथिनं साधारण 9 ते 11.5 टक्के. दाणा भरायच्या वेळी, फेब्रुवारीच्या शेवटी, आपल्याकडे पारा 35 अंशांकडे जातो. दाणा बारीक राहतो, पिठूळ भाग कमी आणि प्रथिनं जास्त. असा माल गुरांच्या खाद्याच्या भावात जातो.

मला खरी आशा दादर ज्वारीत, म्हणजे आपल्या रब्बी ज्वारीत दिसते. 1988 मध्ये नायजेरियाने बार्ली माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथले कारखाने ज्वारी आणि मक्यावर वळले. म्हणजे ज्वारीची बिअर होते, हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालेलं आहे. माल्ट म्हणजे तरी काय? नाचणी सत्वासाठी आई-आजी जे करतात तेच: भिजवणं, मोड आणणं, वाळवणं. सातूला मोड आणायला 15-18 अंशांची थंड खोली लागते, ज्वारीला 25-30 अंश. ती हवा आपल्याकडे फुकट आहे. खरीप ज्वारी पावसात काळी पडते, बुरशी धरते. ती माल्टला नकोच. दादर कोरड्या थंडीत पांढरी स्वच्छ येते.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. ज्वारीच्या मोडात पिठाची साखर करणारं एक विकर, बीटा-अमायलेज, फार कमी असतं, आणि तिचं पीठ जास्त तापमानाला फुलतं, जिथे ते विकर टिकत नाही. म्हणून कारखाने बाहेरून विकरं घालतात. सातूच्या टरफलाचा आपोआप गाळण थर बनतो, ज्वारीला टरफलच नाही, त्यामुळे गाळताना तुंबतं. आणि कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात, ते सायनाइड देणारं द्रव्य मोडातही असतं. वाळल्यावर मुळ्या आणि कोंब चोळून काढायचेच, यात हयगय नको.

तरी कुठल्या दादर वाणाचं माल्ट चांगलं उतरतं यावर आपल्या भागात नीट काम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. करायचं तर एकाच मोठ्या तुकड्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक वाण तीन-चार ठिकाणी लहान वाफ्यांत लावा. गिनेस या बिअर कारखान्यातल्या गॉसेटने 1908 मध्ये 'स्टुडंट' या नावाने थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायचं गणित मांडलं, त्याच्यापुढेही बार्लीच्या चाचण्यांचाच प्रश्न होता.

घरी बिअर करू नका, दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. माल्टचं पीठ मात्र बेकरीला आणि पौष्टिक पिठांना चालतं, सुरुवात तिथून करा. आधी यंदाच्या दादरचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवा. तीन दिवसांत 95 च्या खाली उगवले तर ते बी माल्टला घेऊ नका. आकडा खाली लिहा, भिजवायचं वेळापत्रक मी देतो.